कळा सुरू झाल्या की समोर कोण? प्रसूतिसेवेतील सातत्याचा आढावा

लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्राच्या ओट्यावर बसलेल्या एका गरोदर बाईने तिचं माता-बाल संरक्षण कार्ड मला पाहू दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या जोडीने जपून ठेवलेलं. आत पाच तपासण्यांच्या नोंदी होत्या आणि अक्षरं चार जणींची. चौथ्या महिन्यात रक्तदाब १००/६०, छत्तिसाव्या आठवड्यात १३०/८४, आणि त्यापुढे एकच शब्द: ‘नॉर्मल’. १४०/९०ची रेघ ओलांडलेली नव्हती, त्यामुळे तेवढीच नोंद पाहणारीला दुसरं काही लिहिण्याचं कारण नव्हतं. पण ही बाई जिने चौथ्या महिन्यापासून पाहिली असती, तिला त्या दोन आकड्यांमधला चढ दिसला असता. ‘पाय सुजतात का, डोकं दुखतं का’ असं विचारून तिने दोन दिवसांनी परत बोलावलं असतं. त्या बाईचं बाळंतपण पुढे सुखरूप झालं. तरी ते कार्ड माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण ज्या वादाचा आढावा इथे घ्यायचा आहे तो अख्खा त्या दोन ओळींत आहे. तो चढ नीट भरलेल्या, नीट वाचलेल्या कार्डाने पकडला असता का? की त्यासाठी माणूसच तेच असायला हवं होतं?

सातत्य म्हणजे काय

जेनी हॅगर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली आरोग्यसेवेतल्या सातत्याचे तीन प्रकार मांडले. ती विभागणी आजही वापरली जाते. पहिलं माहितीचं सातत्य: आधी काय घडलं हे पुढच्याला कळणं. दुसरं व्यवस्थापनाचं: एकीने आखलेली दिशा दुसरीने न मोडणं. तिसरं नात्याचं: माणूस तेच राहणं. पहिली दोन साधण्यासाठी कागद, संगणक आणि शिस्त लागते. तिसऱ्यासाठी एका बाईला आपल्या घरचं वेळापत्रक दुसरीच्या कळांवर टांगून ठेवावं लागतं. प्रसूतिसेवेतला वाद मुख्यतः या तिसऱ्या प्रकाराभोवती फिरतो, कारण गरोदरपणाला ठरावीक मुदत आहे, शेवट केव्हा येईल याची मात्र वेळ नाही.

शब्दांचाही प्रश्न आहे. आपल्याकडे ‘सुईण’ म्हटलं की गावातली अनुभवी बाई डोळ्यांपुढे येते. सरकारी कागदावर ‘प्रसविका’ आहे आणि नव्या प्रशिक्षणातून येणारीला ‘मिडवाइफ’च म्हटलं जातं. या लेखात मिडवाइफ म्हणजे रीतसर शिकलेली, निर्धोक बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर करणारी आणि धोका दिसताच डॉक्टरांना बोलावणारी व्यावसायिक.

सुईणीचा उल्लेख मात्र ओलांडून जाता येत नाही, कारण नात्याचं सातत्य तिच्याकडे पुरेपूर होतं. सासूचं, सुनेचं, नणंदेचं बाळंतपण तिच्याच हातचं. पाचवीला तिचा मान, तिला लुगडं किंवा खण-नारळ. पण वार अडकली, रक्तस्राव थांबेना, झटके आले, तर तिच्यापाशी औषध नव्हतं, रक्त नव्हतं, पुढे न्यायला गाडी नव्हती. विसाव्या शतकात जगभर बाळंतपण दवाखान्यात गेलं ते यासाठी. ब्रिटनमध्ये १९७०च्या पील समितीने सर्व बाळंतपणं रुग्णालयात व्हावीत अशी शिफारस केली. भारतात हाच प्रवास मुख्यतः २००५च्या जननी सुरक्षा योजनेनंतर वेगाने झाला. या बदलाने असंख्य जीव वाचले. सोबत एक देवघेवही झाली: सुरक्षितता मिळाली आणि ओळखीचे हात गेले. गेली चाळीस वर्षं जे प्रयोग चालू आहेत, ते या दोन्ही गोष्टी एकत्र मिळू शकतात का हे पाहण्याचेच आहेत.

ब्रिटन: दोनदा ठरवलेलं, दोनदा अडलेलं

हा प्रश्न सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत उघडपणे लढवला गेला तो ब्रिटनमध्ये. १९८३ साली लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये कॅरोलिन फ्लिंट यांनी चार मिडवाइफची एक छोटी टोळी उभी केली. योजनेचं नावच ‘आपली मिडवाइफ ओळखा’ अशा अर्थाचं होतं. सुमारे १,००० बायकांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. निम्म्यांना या चौघींपैकीच कोणीतरी तपासत असे आणि बाळंतपणही त्यांच्यापैकीच एक करत असे. उरलेल्यांना नेहमीची सेवा. टोळीकडच्या बायकांना तपासणीला कमी ताटकळावं लागलं, वेदनाशामकं कमी लागली आणि समाधान जास्त मिळालं.

१९९२ साली संसदेच्या आरोग्य समितीने सगळ्याच बाळंतपणांना रुग्णालयात ढकलण्याचं धोरण तपासून पाहिलं आणि ते पुराव्यावर उभं नसल्याचं म्हटलं. पुढच्या वर्षी बॅरोनेस ज्युलिया कंबरलेज यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने ‘चेंजिंग चाइल्डबर्थ’ हा अहवाल दिला. पाच वर्षांत किमान ७५ टक्के बायकांना बाळंतपणाच्या वेळी समोरची व्यक्ती आधीपासून ओळखीची असावी, असं उद्दिष्ट त्यात होतं. ठिकठिकाणी प्रयोग झाले, चांगलेही झाले. पण प्रयोगाचा निधी संपला की टोळी मोडायची आणि मिडवाइफ पुन्हा वॉर्डातल्या पाळ्यांत जायच्या. उद्दिष्ट गाठलं गेलं नाही.

तेवीस वर्षांनी, २०१६ साली, ‘बेटर बर्थ्स’ हा दुसरा अहवाल आला. अध्यक्ष पुन्हा कंबरलेजच. चार ते सहा मिडवाइफची टोळी आणि प्रत्येक बाईला तिची अशी एक नेमलेली मिडवाइफ, ही रचना. नियोजनासाठी पुढे एक गुणोत्तर रूढ झालं: पूर्णवेळ मिडवाइफमागे वर्षाला ३६ बायका.

हे गुणोत्तर नीट पाहण्यासारखं आहे, कारण खरी अडचण त्याच्या पोटात आहे. सहा जणींच्या टोळीकडे वर्षाला २१६ बाळंतपणं येतात, म्हणजे महिन्याला १८ आणि प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी तीन. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ती तीन कोणत्या तारखांना, दिवसा की रात्री, हे कोणाच्या हातात नाही. एकाच रात्री दोघींना कळा आल्या तर एकीकडे जोडीदारीण जाते. पहिल्या बाळंतपणात बारा-चौदा तास बसून झाले तर पाळी बदलावी लागते. सुट्ट्या, आजारपण, मुलांच्या परीक्षा त्या तीन तारखांना विचारून येत नाहीत. म्हणून प्रत्यक्षात दोन पद्धती पडल्या. एकीत मिडवाइफ ‘आपल्या’ बायकांसाठी जवळजवळ कायम फोनवर हजर असते आणि जोडीदारीण तिचा भार उचलते. इथे नातं घट्ट, आयुष्य बांधलेलं. दुसरीत टोळीतल्या सगळ्या जणी पाळ्या वाटून घेतात. आयुष्य सांभाळता येतं, पण कळांच्या वेळी येणारी बाई फक्त एक-दोनदा भेटलेली असू शकते. टोळी मोठी झाली की ‘ओळखीची’ हा शब्द पातळ होत जातो. दोन्ही पद्धती अहवालात ‘सातत्य’ याच नावाने मोजल्या जातात, आणि आकड्यांची तुलना करताना ही बाब बहुतेकदा निसटते.

मार्च २०२२मध्ये डोना ऑकेंडेन यांचा श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या प्रसूतिसेवेवरचा अंतिम अहवाल आला. १,४८६ कुटुंबांची प्रकरणं तपासलेली, वाचताना जीव कासावीस व्हावा असा तो दस्तऐवज आहे. तिथल्या चुकांचं कारण सातत्याची योजना नव्हती. प्रश्न होता अपुऱ्या मनुष्यबळाचा, धोका न ओळखण्याचा आणि बायकांचं न ऐकण्याचा. तरी अहवालाने सांगितलं की प्रत्येक पाळीला सुरक्षित किमान मनुष्यबळ असल्याचं दाखवता येत नसेल, तर सातत्याची योजना थांबवा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने योजना सर्वत्र लागू करण्यासाठी घातलेली मुदत मागे घेतली. तत्त्व सोडलं नाही, तारीख सोडली.

या निर्णयाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येतं. प्रसूतिकक्षातून सहा अनुभवी मिडवाइफ काढून टोळी केली, तर कक्षात मागे उरलेल्या बायकांना कोण पाहणार? टोळीत नाव नसलेलीने कमी सेवा का घ्यावी? हा आक्षेप मला रास्त वाटतो. उलट बाजूचे म्हणतात की कक्षात माणसं कमी आहेत, याचं एक कारण मिडवाइफ कामाला कंटाळून सोडून जातात हे आहे. अनोळखी बाईला एका पाळीपुरतं पाहायचं आणि बाळ येण्याआधी दुसरीच्या हाती सोपवायचं, या कामात त्यांचं मन लागत नाही. त्यांना सातत्य द्या, त्या टिकतील. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि त्यामुळेच पुढे कसं जायचं हे कठीण झालं आहे.

इतर वाटा

न्यूझीलंडने प्रश्न कायद्याने सोडवला. १९९०च्या दुरुस्तीने मिडवाइफला डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्वतंत्र काम करण्याचा अधिकार मिळाला, आणि १९९६पासून प्रत्येक बाईने आपला एक मुख्य प्रसूतिसेवक निवडायची पद्धत आली. बहुसंख्य बायका मिडवाइफच निवडतात. गरोदरपणापासून बाळ चार-सहा आठवड्यांचं होईपर्यंत तीच येते, पैसे सरकार देतं. सातत्य सर्वसाधारण नियम बनू शकतं, हे या देशाने दाखवलं. किंमतही दाखवली: रात्रंदिवस बांधलेपण, दुर्गम भागात मिडवाइफ न मिळणं, आणि मोबदला. तिथल्या मिडवाइफ संघटनेने २०१५ साली कमी मोबदला हा लिंगभेद असल्याचा दावा सरकारविरुद्ध दाखल केला.

पॅलेस्टाइनमधला प्रयोग आपल्या वाचकाला जास्त जवळचा वाटेल. २०१३पासून वेस्ट बँकमध्ये सरकारी रुग्णालयांतल्या मिडवाइफ ठरावीक दिवशी गाडीने खेड्यांतल्या दवाखान्यांत जाऊ लागल्या. गरोदरपणातली तपासणी त्यांनीच करायची आणि बाळंतपणानंतर घरभेटही त्यांनीच द्यायची. बाळंतपण मात्र रुग्णालयात, त्या वेळी ज्या पाळीवर असतील त्यांच्या हाती. म्हणजे मधला दुवा मुद्दाम सोडलेला. तरीही पुढच्या पाहण्यांत अनियोजित सिझेरियन आणि अकाली जन्म कमी आढळले. या पाहण्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या नव्हत्या, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. पण पूर्ण सातत्य परवडत नसेल तर अर्धंही काही देतं का, या प्रश्नाला यातून बळ मिळालं.

पुरावा कुठवर पोचतो

कोक्रेन संस्थेचा एकत्रित आढावा हा या क्षेत्राचा कणा आहे. जेन सँडल यांच्या नेतृत्वाखालच्या २०१६च्या आवृत्तीत १५ चाचण्या आणि १७,६७४ बायका होत्या. सातत्याने मिडवाइफकडे असलेल्या बायकांमध्ये अकाली जन्माची शक्यता २४ टक्क्यांनी कमी आणि बाळ दगावण्याची १६ टक्क्यांनी कमी, असे आकडे त्यातून आले. धोरणकर्त्यांनी हेच आकडे उचलले, आणि ‘बेटर बर्थ्स’नंतरचा उत्साह बराचसा त्यांवर उभा होता.

२०२४च्या आवृत्तीत १७ चाचण्या आणि १८,५३३ बायका आहेत, आणि सूर बदलला आहे. नैसर्गिक प्रसूतीचं प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७०वर जातं. सिझेरियन किंचित कमी होतं. योनिमार्गाला छेद देण्याचं प्रमाण साधारण २३वरून १९ टक्क्यांवर येतं. बायकांचा अनुभव चांगला असतो. पण अकाली जन्म आणि बाळाचा मृत्यू यांवर परिणाम होतो की नाही, याबद्दल आता खात्री देता येत नाही असं आढावाच म्हणतो. अपाय आढळलेला नाही. तरी जीव वाचतात हे वाक्य आधीच्या जोराने म्हणता येत नाही, आणि ते मान्य करण्यात या विचाराच्या पुरस्कर्त्यांनी कचरू नये.

एकेक चाचणी पाहिली की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. मेलबर्नच्या २०१२च्या चाचणीत २,३१४ कमी जोखमीच्या बायका होत्या. सिझेरियनचं प्रमाण २४.९ टक्क्यांवरून १९.४वर आलं. वर्षभराने ऑस्ट्रेलियातच सर्व जोखमींच्या १,७४८ बायका घेऊन दुसरी चाचणी झाली. तिच्यात सिझेरियनमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही, खर्च मात्र कमी झाला. लंडनमध्ये अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या ३३४ बायकांवरची चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. वैद्यकीय निष्पत्तीत फरक नव्हता, बायकांचा विश्वास आणि सुरक्षित वाटण्याची भावना मात्र वाढलेली होती. याउलट ब्रिस्बेनमध्ये आदिवासी समाजासाठी उभारलेल्या कार्यक्रमात अकाली जन्म ठळकपणे घटल्याचं २०२१ साली दिसलं. पण तिथे ओळखीच्या मिडवाइफच्या जोडीला समाजातल्याच कार्यकर्त्या, ने-आण आणि समाजाच्या स्वतःच्या संस्थेचा सहभाग असं सगळं एकत्र होतं. यश कशाचं, हे वेगळं काढता येत नाही.

इथेच पुराव्यातली सर्वांत मोठी मोकळी जागा आहे. या चाचण्या ‘तीच मिडवाइफ’ आणि ‘पाळीनुसार बदलणारे डॉक्टर व मिडवाइफ’ यांची तुलना करतात. एका बाजूला सातत्यही आहे आणि मिडवाइफची काम करण्याची पद्धतही. फरक पडला तो माणूस तेच असल्यामुळे, की ते माणूस मिडवाइफ असल्यामुळे? दोन्ही वेगवेगळे करून पाहणारी मोठी चाचणी झालेली नाही. शिवाय बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांच्या सरकारी रुग्णालयांतल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या शिफारशीत हे ध्यानात ठेवलं होतं: जिथे मिडवाइफसेवा नीट चालते तिथेच ही पद्धत सुचवली. २०२४ साली संघटनेने मिडवाइफ-आधारित सेवेकडे वळण्याचं आवाहन करणारी भूमिका जाहीर केली, आणि तिच्यातही प्रत्येक देशाने आपली रचना पाहून पावलं टाकावीत असाच रोख आहे.

भारत: सेविका कुठे गेली

भारतात १९५०च्या दशकात सहाय्यकारी परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, हे पद आलं ते बाळंतपणासाठीच. दोन वर्षांचं प्रशिक्षण, गावात मुक्काम, घरोघरी बाळंतपणं. १९७३च्या कर्तारसिंग समितीनंतर ती ‘बहुउद्देशीय’ झाली. प्रशिक्षण दीड वर्षावर आलं आणि कुटुंबनियोजन, लसीकरण, सर्वेक्षण, नोंदवह्या यांत बाळंतपणाचं कौशल्य हळूहळू झिजलं. जननी सुरक्षा योजनेनंतर बाळंतपणं प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात गेली. आज ही एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली आरोग्यसेविका, तपासते, पण बाळंतपण दुसरीकडे, दुसरीच्या हाती होतं. ही कोणाची हेळसांड नव्हे. रचनाच तशी आहे.

यश मोठं आहे, हे आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. २०१८-२० या काळातलं मातामृत्यूचं प्रमाण देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७, तर महाराष्ट्रात ३३ होतं. कुटुंब आरोग्य पाहणीतलाच दुसरा आकडा असा: देशातल्या खाजगी रुग्णालयांत सिझेरियन ४७.४ टक्के, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. तेलंगणात सर्व मिळून ६०.७ टक्के.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०१८मध्ये केंद्राने मिडवाइफसेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अनुभवी परिचारिकांना १८ महिन्यांचं प्रशिक्षण आणि मोठ्या रुग्णालयांत मिडवाइफनी चालवायचे प्रसूतिकक्ष. आधी पाया घातलेला होता: हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने खाजगी क्षेत्रात हे प्रशिक्षण आधीच सुरू केलं होतं आणि तेलंगण सरकारने २०१७पासून ते सरकारी परिचारिकांसाठी घेतलं. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने नियमनाची नवी चौकट आली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. मिडवाइफने चालवलेली सेवा आणि सातत्याची सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या नव्या कक्षात बाईशी आदराने वागलं जाईल, सोबतीण आत येऊ शकेल, हवं तसं बसता-चालता येईल. ही सुधारणा लहान नाही. पण गावातली तपासणी उपकेंद्रातच होणार आणि कक्षातली मिडवाइफ पाळीवरच असणार. बाई आत येईल तेव्हा दोघी एकमेकींना अनोळखी असण्याचीच शक्यता जास्त. आणखी एक जुनी अडचण आहे. प्रसूतिकक्षासाठी तयार झालेली परिचारिका सहा महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात बदलली जाते. फिरत्या नेमणुका थांबवा, असं धोरणात म्हटलं आहे. वॉर्डात माणसं कमी पडली की पहिल्यांदा मोडतो तो हाच नियम.

महाराष्ट्रातले दोन तुटलेले दुवे आणि एक धरून ठेवणारी

आपल्याकडे सातत्य ज्या कारणांनी तुटतं, ती ब्रिटनच्या वा न्यूझीलंडच्या अहवालांत सापडणार नाहीत. पहिलं कारण माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली, डोहाळजेवण झालं की मुलगी निघते. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात, चार तपासण्या तिथल्या आरोग्यसेविकेकडे, आणि ऐन जोखमीच्या तिमाहीत ती दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथली आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, तिला पहिल्यांदा पाहते. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी, कधी तिसऱ्या महिन्यात, ती बाळासह परत येते आणि दुवा पुन्हा तुटतो. आरोग्ययंत्रणेच्या दृष्टीने हा अडथळा असेल. बाईच्या दृष्टीने मात्र माहेर हेच सातत्य आहे: कळांच्या वेळी आई जवळ असणं, अंग शेकणारी काकू ओळखीची असणं. एक ओळख जपायची म्हणून ती दुसरी सोडते. सातत्याची कोणतीही योजना आखताना ही निवड चुकीची मानून चालणार नाही.

दुसरं कारण स्थलांतर. बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरच्या गावांतून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड जोडपी निघतात आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या, कर्नाटकाच्या फडांवर मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. जोडपं म्हणजे एक कोयता, आणि उचल घेतलेली असते, त्यामुळे गरोदर बाईलाही मागे राहणं सोपं नसतं. कारखाना बदलला की खोप बदलते, खोप बदलली की आरोग्य केंद्र बदलतं. तिच्यासाठी तीच सेविका हा विचार फार दूरचा आहे. निदान कार्ड सोबत असणं आणि फडाजवळच्या केंद्राने ते वाचणं, हीच तिच्या सातत्याची पहिली पायरी आहे.

डोंगरी आदिवासी भागांत ‘माहेरघर’ ही योजना आहे: गावापासून दूर असलेल्या आरोग्य केंद्राजवळ बाईने तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस. मूळ हेतू अंतर कमी करण्याचा. पण या चार दिवसांत केंद्रातली परिचारिका आणि ती बाई एकमेकींना ओळखू लागतात, हा तिचा न मोजला गेलेला लाभ आहे.

धरून ठेवणारी ती आशा. पाळी चुकल्याची बातमी तिला पहिल्यांदा कळते. तपासणीला ती घेऊन जाते, रात्री गाडी बोलावते, लेबर रूमच्या दारापर्यंत जाते. मग घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळ पाहायला येते. या घरभेटींची मुळं गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभय आणि राणी बंग यांनी १९९०च्या दशकात केलेल्या कामात आहेत. त्यांचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि पुढे देशाच्या कार्यक्रमाने ही पद्धत स्वीकारली. नात्याचं सातत्य आपल्या ग्रामीण भागात आज कोणाकडे असेल तर ते आशाकडे. पण ती मिडवाइफ नाही, पगारी कर्मचारी नाही, आणि लेबर रूमच्या दारात तिला थांबावं लागतं. हॅगर्टींच्या तीन प्रकारांत बसवायचं तर नातं आशाकडे, माहिती कार्डावर आणि कौशल्य रुग्णालयात. तिन्ही आहेत, एका ठिकाणी नाहीत.

शहरांत आणि तालुक्याच्या गावांत वेगळंच चित्र आहे. खाजगी दवाखान्यात पहिल्या सोनोग्राफीपासून टाके काढेपर्यंत एकच स्त्रीरोगतज्ज्ञ असतात. बायका याच ओळखीसाठी पैसे मोजतात: ‘आमच्या मॅडम आहेत’ हा धीर खरा असतो. म्हणजे महाराष्ट्रात नात्याचं सातत्य सर्रास आहे, फक्त ते डॉक्टरांचं आहे. आणि देशभरात सिझेरियनचं प्रमाण याच खाजगी क्षेत्रात सर्वाधिक आहे. यामागे जास्त जोखमीच्या बायका, वाढतं वय, कुटुंबाची मागणी, कायद्याची भीती, अशी अनेक कारणं आहेत. पण एकट्या डॉक्टरने वर्षभर रात्री-अपरात्री हजर राहणं माणसाच्या आवाक्याबाहेर आहे आणि ठरवून केलेलं सिझेरियन तो भार हलका करतं, हेही कारणांत मोजावं लागेल. ब्रिटनमधल्या मिडवाइफच्या टोळीपुढचा पेच आणि आपल्या एकट्या डॉक्टरपुढचा पेच मुळात एकच आहे. जोडीदार नसेल तर सातत्य माणसाला मोडतं, नाहीतर वेळापत्रक बाळंतपणाला मोडतं. कोक्रेनच्या चाचण्यांना वेगळा न काढता आलेला प्रश्न, म्हणजे फरक सातत्याचा की मिडवाइफच्या पद्धतीचा, याचं एक उत्तर कदाचित आपल्याच दवाखान्यांच्या नोंदींत आहे. ते कोणी शोधलेलं नाही.

काय अनुत्तरित आहे

पहिला प्रश्न संख्येचा. महाराष्ट्रात वर्षाला १८ लाख बाळंतपणं धरली आणि ब्रिटनचं ३६चं गुणोत्तर लावलं, तर ५०,००० मिडवाइफ लागतील. इतक्या नजीकच्या काळात येणार नाहीत. मग सुरुवात कोणापासून? कमी जोखमीच्या बायकांपासून करावी, तर पुरावा तिथे भक्कम आहे. ज्यांचं सातत्य सर्वांत जास्त तुटतं त्या ऊसतोड, आदिवासी, वस्तीवरच्या बायकांपासून करावी, तर गरज तिथे आहे. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण पहिल्या बाजूच्या युक्तिवादाला उत्तर देण्याइतका अनुभव आपल्याकडे अजून जमलेला नाही.

दुसरा प्रश्न दुव्याचा. गरोदरपण, बाळंतपण आणि नंतरचे सहा आठवडे यांतला एकच टप्पा ओळखीच्या माणसाने जोडता येणार असेल, तर कोणता जोडायचा? मिडवाइफ चळवळीचं उत्तर बाळंतपण. पॅलेस्टाइनचं उत्तर आधी आणि नंतर. गडचिरोलीचं उत्तर नंतर. तिन्ही उत्तरांना आपापल्या जागी आधार आहे, आणि एकमेकांशी त्यांची तुलना कोणी केलेली नाही.

तिसरा प्रश्न मिडवाइफच्या स्वतःच्या आयुष्याचा. मेलबर्नच्या चाचणीत स्वतःच्या बायका सांभाळणाऱ्या मिडवाइफना थकवा कमी आणि समाधान जास्त आढळलं. पण त्या आपणहून पुढे आलेल्या होत्या. बदलीचा आदेश हातात घेऊन आलेल्या, घरी लहान मुलं असलेल्या, रात्री गावातून जायला वाहन नसलेल्या परिचारिकेला तेच समाधान मिळेल का? तिला राहायला घर, ने-आणीला गाडी आणि रजेवर गेल्यावर जागा घेणारी जोडीदारीण मिळेल का? आपल्या धोरणांत शिक्षणक्रम तपशिलाने लिहिलेला आहे. या गोष्टींना मिळालेली जागा फार थोडी आहे.

आणि चौथा प्रश्न मोजण्याचा. आपली यंत्रणा नोंदणी मोजते, चार तपासण्या मोजते, दवाखान्यातली बाळंतपणं मोजते. बाळंतपणाच्या वेळी समोर असलेलं माणूस त्या बाईने आधी पाहिलेलं होतं का, हे आजच्या कोणत्याही नोंदवहीत विचारलं जात नाही. कार्डावर एक रकाना पुरेल. सासरहून माहेरी गेलेल्या पोरीचा आणि फडावरून गावी परतलेल्या बाईचा तो रकाना कोण भरणार, तेवढं मात्र आधी ठरवावं लागेल.